लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत अनपेक्षितपणे आढळणाऱ्या जठराच्या गाठी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत अनपेक्षितपणे आढळणाऱ्या जठराच्या गाठी म्हणजे वजन घटवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी ठाऊक नसलेल्या, आणि शस्त्रक्रिया चालू असताना किंवा कापून काढलेल्या जठराच्या तपासणीत प्रथमच निदर्शनास येणाऱ्या गाठी होत. अशा गाठींचे प्रमाण थोडे आहे. विविध देशांतील रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवांनुसार ते साधारणपणे शंभर रुग्णांमागे एक किंवा त्याहूनही कमी आहे. या गाठींपैकी जिस्ट या नावाने ओळखली जाणारी गाठ विशेष महत्त्वाची आहे. अनपेक्षितपणे सापडणाऱ्या बहुतेक जिस्ट गाठी लहान व कमी जोखमीच्या असतात आणि त्या पूर्णपणे काढल्यास पुढील उपचारांची सहसा गरज भासत नाही. तथापि रुग्ण भुलीखाली असताना घ्यावा लागणारा निर्णय, काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि नंतरचा पाठपुरावा यांपैकी एका जरी टप्प्यावर हयगय झाली, तरी बरी होऊ शकणारी गाठ पुढे धोकादायक ठरू शकते.

पार्श्वभूमी

जठर ही अन्ननलिका आणि लहान आतडे यांच्यामधील पिशवीसारखी पोकळी असून तिच्या भित्तिकेत आतून बाहेर असे श्लेष्मल अस्तर, त्याखालील ऊतींचा थर, स्नायूंचा थर आणि बाहेरील पातळ आवरण असे थर असतात. गाठ कोणत्या थरात उगम पावते यावर ती आतून दिसेल की बाहेरून, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांपैकी दोन प्रकार जगभर अधिक प्रचलित आहेत. पहिला प्रकार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमीचा. यात जठराच्या मोठ्या वक्र कडेकडील सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग स्टेपलरच्या साहाय्याने कापून शरीराबाहेर काढतात आणि केळीच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपासचा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचा आरंभ केला. यात जठराच्या वरच्या टोकाशी छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले मोठे जठर शरीरातच राहते, मात्र अन्नाच्या मार्गातून वगळले जाते. आज या दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा पोटावर छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीद्वारे केल्या जातात.

अनपेक्षित गाठीच्या दृष्टीने या दोन पद्धतींमधील फरक मूलभूत आहे. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग बाहेर येतो आणि तो तपासता येतो. बायपासमध्ये सहसा काहीच बाहेर येत नाही, आणि वगळलेल्या जठरात पुढे तोंडावाटे नेहमीची एंडोस्कोपी करून पाहता येत नाही.

भारतात हा विषय पूर्वीपेक्षा अधिक लोकांच्या संबंधाचा झाला आहे. २०१९–२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनातही मधुमेह व हृदयविकार उद्भवत असल्याने शस्त्रक्रियेचे निकषही पाश्चात्त्य निकषांपेक्षा खालचे ठेवण्यात आले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने शरीर वस्तुमान निर्देशांक ३७.५ पेक्षा अधिक असल्यास, किंवा लठ्ठपणाशी निगडित विकार असतील तर ३२.५ पेक्षा अधिक असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवण्यात आले.

गाठींचे प्रकार

शस्त्रक्रियेत आढळणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. सामान्यतः पुढील प्रकार आढळतात.

जिस्ट : जठराच्या भित्तिकेतील स्नायुथरात उगम पावणारी गाठ. अनपेक्षित गाठींमध्ये हिच्याविषयीच सर्वाधिक लिहिले गेले आहे.

लायोमायोमा : स्नायुपेशींची सौम्य गाठ. दिसण्यात ती जिस्टसारखीच असते. भेद सूक्ष्मदर्शकाखाली व विशेष रंजनानेच कळतो.

श्वानोमा : मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींची, बहुधा सौम्य गाठ.

स्थानभ्रष्ट स्वादुपिंड ऊती : गर्भावस्थेत जठराच्या भित्तिकेत राहून गेलेला स्वादुपिंडाचा अंश. ही खरे पाहता गाठ नव्हे, पण गाठीसारखी दिसते. ती बहुधा जठराच्या खालच्या भागात आढळते.

लायपोमा : चरबीची मऊ व निरुपद्रवी गाठ.

चेता-अंतःस्रावी गाठ : संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची गाठ. काही वेळा ती जठराच्या दीर्घकालीन दाहाशी निगडित असते आणि तेव्हा एकापेक्षा अधिक लहान गाठी आढळतात.

जठराचा कर्करोग आणि लिम्फोमा : श्लेष्मल अस्तरातून उद्भवणारा कर्करोग लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत क्वचितच सापडतो. परंतु तो सापडल्यास शस्त्रक्रियेची सारी दिशा बदलते.

जिस्ट : उगम आणि शोधाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जठराच्या स्नायुथरातील अशा गाठी स्नायूंच्याच गाठी समजल्या जात. १९८३ मध्ये मायकेल मेझर आणि एच. ब्रेंट क्लार्क यांनी, यांतील अनेक गाठींमध्ये स्नायुपेशींची लक्षणे आढळत नाहीत असे दाखवून त्यांना स्वतंत्र नाव दिले. १९९८ मध्ये जपानमधील सेइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींमध्ये किट नावाच्या जनुकात उत्परिवर्तन असते हे सिद्ध केले. किट हे पेशींच्या वाढीचे संदेश स्वीकारणारे प्रथिन घडवणारे जनुक होय. उत्परिवर्तनामुळे हा स्वीकारक संदेश नसतानाही सतत चालू स्थितीत राहतो आणि पेशींचे विभाजन थांबत नाही. २००३ मध्ये, किटमध्ये दोष नसलेल्या काही गाठींत पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकात उत्परिवर्तन असल्याचे आढळले.

या गाठी कहालच्या पेशींशी संबंधित मानल्या जातात. पचनमार्गाच्या लयबद्ध हालचालीचे नियमन करणाऱ्या या पेशींना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळालेले स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ कहाल यांचे नाव दिलेले आहे. पचनमार्गातील सुमारे ६० टक्के जिस्ट गाठी जठरात आणि सुमारे ३० टक्के लहान आतड्यात आढळतात.

रोग म्हणून निदान होणारी जिस्ट दुर्मिळ आहे. दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १० ते १५ रुग्ण असे तिचे प्रमाण सांगितले जाते. परंतु अतिसूक्ष्म जिस्ट मुळीच दुर्मिळ नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, कर्करोगासाठी काढलेल्या १०० जठरांचे बारीक काप करून तपासणी केली असता ३५ जठरांत अशा सूक्ष्म गाठी आढळल्या. २००७ मधील एका जर्मन अभ्यासात पन्नाशी उलटलेल्या व्यक्तींच्या शवविच्छेदनात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. यातील बहुसंख्य गाठी आयुष्यभर काही मिलिमीटरांच्याच राहतात. त्यामुळे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत जिस्ट सापडणे याचा अर्थ लठ्ठपणामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे ती झाली असा होत नाही. ज्या जठराकडे एरवी कोणी पाहिले नसते ते या निमित्ताने बारकाईने पाहिले जाते, हे तिच्या सापडण्याचे मुख्य कारण होय.

पूर्वतपासणीत गाठ न दिसण्याची कारणे

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी आणि अनेक ठिकाणी एंडोस्कोपी केली जाते. लठ्ठपणाच्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० मध्ये, पोटाच्या तक्रारी नसलेल्या रुग्णांतही एंडोस्कोपीचा विचार करावा असे मत नोंदवले. शस्त्रक्रियेचा बेत बदलावा लागेल असे काही तिच्यात आढळू शकते, हे त्यामागील कारण होय.

तरीही काही गाठी निसटतात. एंडोस्कोपीत जठराचे फक्त आतील अस्तर दिसते. स्नायुथरातून बाहेरच्या दिशेने वाढणारी गाठ या अस्तराला उचलत नाही. तेव्हा आतून सारे निरोगी भासते. नेहमीच्या सोनोग्राफीत जठरातील हवा आणि पोटावरील जाड चरबी यांमुळे लहान गाठ दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये एक-दोन सेंटिमीटरांची गाठ दिसू शकते, परंतु सर्व रुग्णांचे सीटी स्कॅन करण्याची प्रथा नाही. एंडोस्कोपीच्या टोकाशी ध्वनितरंगांचा शोधक बसवून केलेली तपासणी सर्वांत उपयुक्त आहे. मात्र ती मोजक्या केंद्रांत उपलब्ध असते आणि संशय आल्यावरच केली जाते.

लक्षणांचीही मदत होत नाही. लहान जिस्ट दुखत नाही. मोठी गाठ अस्तराला व्रण पाडून रक्तस्राव करू शकते. तेव्हा काळी शौचास होणे, थकवा आणि रक्तक्षय ही लक्षणे दिसतात. शस्त्रक्रियेपूर्वी सकारण न समजलेला रक्तक्षय आढळल्यास जठर व आतडी तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेदरम्यानचे निर्णय

जठर स्टेपलरने कापण्यापूर्वी त्याचा पुढचा व मागचा पृष्ठभाग, यकृत आणि उदरावरण डोळ्यांखालून घालणे ही या शस्त्रक्रियेतील साधी पण महत्त्वाची शिस्त आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हाताने चाचपडून पाहता येत नसल्याने नजरेवरच भिस्त ठेवावी लागते. बाहेरून वाढलेली जिस्ट पांढुरकी किंवा गुलाबी, गुळगुळीत व घट्ट उंचवट्यासारखी दिसते.

गाठ दिसल्यावर प्रथम तिचा आकार, जागा, संख्या आणि आजूबाजूच्या अवयवांशी असलेला संबंध ठरवतात. आवश्यक वाटल्यास तेथेच एंडोस्कोपी करून ती आतून पाहतात. जिस्टचा संशय असेल तर ती चिमट्याने थेट पकडणे टाळतात. तिचे आवरण फाटून पेशी पोटात सांडल्यास गाठ उदरावरणावर पुन्हा उद्भवण्याचा धोका फार वाढतो. गाठ संपूर्ण काढण्याजोगी असल्यास तिचा तुकडा काढून तपासत बसण्याचीही गरज नसते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर गोठवून केलेल्या तत्काळ तपासणीला येथे मर्यादा आहेत. जिस्ट व लायोमायोमा यांतील भेद किंवा पेशीविभाजनाची गती तिच्यातून खात्रीने कळत नाही. कापलेली कड गाठमुक्त आहे का, किंवा अस्तरातील कर्करोग आहे का, हे जाणण्यासाठी मात्र ती उपयोगी पडते.

जिस्ट लसिका ग्रंथींत क्वचितच पसरते. त्यामुळे जठराच्या कर्करोगाप्रमाणे ग्रंथींचे विस्तृत उच्छेदन करावे लागत नाही. गाठीसभोवती निरोगी ऊतींची कड राखून ती अखंड काढणे पुरेसे असते. काढलेला भाग पिशवीत घालूनच पोटाबाहेर आणतात.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत : गाठ जठराच्या वरच्या घुमटाकार भागात किंवा मोठ्या वक्र कडेजवळ असेल तर ती कापल्या जाणाऱ्या भागातच येते. स्टेपलची रेषा गाठीपासून पुरेशी दूर ठेवता येत असेल तर ठरलेली शस्त्रक्रियाच गाठीवरील उपचारही ठरते. प्रसिद्ध अनुभवांतील अनेक रुग्ण याच गटातील आहेत. गाठ छोट्या वक्र कडेवर, अन्ननलिकेच्या तोंडाशी किंवा जठराच्या निर्गमद्वाराजवळ असल्यास मात्र स्लीव्हच्या रेषेत ती बसत नाही. तेथे पाचरीच्या आकाराचा तुकडा काढल्यावर उरलेली नळी अरुंद होण्याची किंवा तिचा रक्तपुरवठा बिघडण्याची शक्यता असते. अशा वेळी पद्धत बदलणे किंवा वजन घटवण्याचा भाग पुढे ढकलणे इष्ट ठरते.

बायपास शस्त्रक्रियेत : गाठ वगळल्या जाणाऱ्या जठरात असेल तर ती मागे ठेवून देणे योग्य नव्हे, कारण पुढे तेथे पोहोचणे कठीण होते. लहान गाठीसाठी पाचरीच्या आकाराचे उच्छेदन पुरते. गाठ मोठी असल्यास किंवा अनेक गाठी असल्यास वगळलेला भागच काढून टाकण्याचा विचार करतात. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांत पद्धतीची निवड करतानाच ही बाब ध्यानात घेतली जाते. जपानमध्ये दृष्टिआड जठर मागे राहू नये म्हणून स्लीव्हला आतड्याच्या बायपासची जोड देणारी पद्धत विकसित झाली. भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोराममध्ये विशेष अधिक आहे.

शस्त्रक्रिया थांबवणे : गाठ मोठी असेल, शेजारच्या अवयवांत शिरलेली असेल, यकृतावर वा उदरावरणावर डाग दिसत असतील किंवा अस्तरातील कर्करोगाचा संशय असेल, तर आवश्यक ते नमुने घेऊन शस्त्रक्रिया तेथेच थांबवतात. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया तातडीची नसते. घाईने कापलेले जठर पुढील कर्करोग-शस्त्रक्रियेची वाट अवघड करते. उलट काही आठवड्यांच्या विलंबाने संपूर्ण तपासणी करून योग्य उपचार आखता येतात.

संमतीचा प्रश्न

गाठ सापडते तेव्हा रुग्ण भुलीखाली असतो आणि नातेवाईक शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेले असतात. अशा वेळी नातेवाइकांना विचारून हवे ते करता येते, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. त्या प्रकरणात निदानासाठी दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिलेल्या ४४ वर्षांच्या महिलेचे गर्भाशय व बीजांडकोश, ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. न्यायालयाने ही संमती ग्राह्य मानली नाही. प्रौढ व निर्णयक्षम रुग्णाची संमती त्याचीच असावी लागते, आणि एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्या उपचारास लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी अतिरिक्त उपचार आवश्यक असेल आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे अवाजवी ठरणार असेल, एवढाच अपवाद न्यायालयाने मान्य केला. संभाव्य अतिरिक्त उपचारांसाठी आधीच एकत्रित संमती घेता येते, हेही न्यायालयाने सांगितले.

या निर्णयाचा लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेशी थेट संबंध आहे. अनपेक्षित गाठ आढळल्यास ती काढावी का, त्यासाठी शस्त्रक्रियेची पद्धत बदलली तर चालेल का, आणि वजन घटवण्याचा भाग अर्धवट सोडावा लागला तर मान्य आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाशी आधी बोलून, त्याला समजेल अशा भाषेत संमतिपत्रात नोंदवणे हाच त्यावरील योग्य मार्ग होय.

ऊतिविकृती तपासणी आणि जोखमीचे मापन

काही गाठी शस्त्रक्रियेतही दिसत नाहीत आणि काढलेल्या जठराच्या तपासणीतच आढळतात. बाहेरून निरोगी दिसणारा भाग तपासणीस पाठवण्याची गरज नाही, असेही एक मत आहे. परंतु जठराचा काढलेला भाग नष्ट झाल्यावर त्याविषयीचा कोणताही प्रश्न पुन्हा सोडवता येत नाही, हे त्या मताविरुद्धचे सबळ कारण आहे. तपासणीत गाठीचा आकार, कापलेल्या कडेपासूनचे अंतर, आवरण अखंड आहे का आणि पेशीविभाजनाची संख्या यांची नोंद आवश्यक असते. सीडी ११७ आणि डॉग-१ या प्रथिनांच्या रंजनाने जिस्टचे निदान निश्चित होते.

जठरातील जिस्टची जोखीम मुख्यतः आकार आणि पेशीविभाजनाची संख्या या दोन गोष्टींवर ठरते. मार्कू मिएटिनेन आणि येझी लासोटा यांनी २००६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार गाठ पसरण्याची किंवा रोग बळावण्याची शक्यता पुढीलप्रमाणे असते. यातील विभाजनसंख्या सूक्ष्मदर्शकाच्या ५० दृष्टिक्षेत्रांतील आहे.

विभाजने ५ किंवा कमी असल्यास :
– २ सेंटिमीटरपर्यंत : जवळजवळ शून्य
– २ ते ५ सेंटिमीटर : सुमारे २ टक्के
– ५ ते १० सेंटिमीटर : सुमारे ४ टक्के
– १० सेंटिमीटरपेक्षा मोठी : सुमारे १२ टक्के

विभाजने ५ पेक्षा अधिक असल्यास :
– २ ते ५ सेंटिमीटर : सुमारे १६ टक्के
– ५ ते १० सेंटिमीटर : सुमारे ५५ टक्के
– १० सेंटिमीटरपेक्षा मोठी : सुमारे ८६ टक्के

याच आकड्यांतून सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचे महत्त्व उमगते. चार सेंटिमीटरांच्या दोन गाठी डोळ्यांना सारख्याच दिसतात, परंतु एकीची जोखीम दुसरीच्या आठपट असू शकते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या बहुतेक जिस्ट दोन सेंटिमीटरांहून लहान आणि मंद विभाजनाच्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित गटातील असतात.

औषधोपचार

कमी जोखमीची गाठ संपूर्ण काढल्यावर औषधाची गरज नसते. अधिक जोखमीच्या किंवा शस्त्रक्रियेत फुटलेल्या गाठीसाठी इमॅटिनिब हे औषध देतात. हे औषध दोषयुक्त किट प्रथिनाचे कार्य रोखते. अमेरिकेत प्रगत जिस्टसाठी त्यास २००२ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन व जर्मन संशोधकांच्या चाचणीत, अधिक जोखमीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाऐवजी तीन वर्षे इमॅटिनिब दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण घटते व आयुर्मान वाढते असे दिसले. नेहमीची मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅम असते. सर्व उत्परिवर्तनांवर हे औषध चालत नाही. पीडीजीएफआरए जनुकातील एका विशिष्ट दोषावर ते निष्प्रभ ठरते. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी जनुकीय तपासणी करणे श्रेयस्कर असते. जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांच्या रक्तात या औषधाची पातळी कमी राहू शकते, असेही आढळले आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते.

भारतात या औषधाची कथा पेटंटच्या लढ्याशी जोडलेली आहे. नोव्हार्टिस या कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने, ज्ञात औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पेटंट मिळणार नाही, असा पेटंट कायद्यातील कलम ३(घ) चा अर्थ लावला. त्या सुमारास मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा सुमारे ८,००० ते १०,००० रुपये सांगितला जात असे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

पाठपुरावा

अतिशय कमी जोखमीच्या गाठीनंतर नियमित सीटी स्कॅन करण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. वार्षिक तपासणी पुरेशी मानली जाते. मध्यम व अधिक जोखमीच्या गाठींसाठी ठरावीक अंतराने सीटी स्कॅन करतात आणि हा क्रम अनेक वर्षे चालू ठेवतात, कारण रोग यकृतात किंवा उदरावरणावर उशिराही परतू शकतो.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यात एक खास अडचण असते. वजन झपाट्याने उतरणे, भूक मंदावणे आणि रक्तक्षय ही एरवी जठराच्या गंभीर आजाराची लक्षणे होत. या शस्त्रक्रियेनंतर मात्र पहिल्या दोन गोष्टी अपेक्षितच असतात आणि तिसरी लोह व ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे वारंवार आढळते. परिणामी गाठीची लक्षणे शस्त्रक्रियेच्या यशाआड दडून राहू शकतात. लोह घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, काळी शौचास होणे, गिळताना अडथळा, सतत उलट्या किंवा थांबलेले वजन पुन्हा अकारण उतरू लागणे ही लक्षणे दिसल्यास वेगळ्या तपासणीची गरज असते.

ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत केंद्रित झाल्या आहेत. पाठपुरावा मात्र रुग्णाच्या गावाशी बांधलेला असतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत हे अंतर स्पष्ट दिसते. आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक शहापूरचे प्रवेशद्वार असून तेथून कल्याण, ठाणे व मुंबईकडे उपनगरी गाड्या जातात. मुरबाडच्या रहिवाशांना मात्र आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. कर्करोगाच्या उपचारांसाठी या भागातील रुग्णांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा आधार आहे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी परततो. ऊतिविकृती तपासणीचा अहवाल त्यानंतर काही दिवसांनी तयार होतो. रुग्णाला बरे वाटत असते, वजन उतरत असते, आणि अहवालासाठी एक पूर्ण दिवस व मजुरी किंवा रजा खर्च करून शहरात जाण्याचे कारण त्याला दिसत नाही. अनपेक्षित गाठीच्या बाबतीत साखळी तुटण्याची शक्यता या टप्प्यावर सर्वाधिक असते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही अहवाल न वाचला गेल्यास जोखीम कोणालाच कळत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी जातानाच अहवाल कधी व कोणाकडून मिळेल हे लेखी घेणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. आणि दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावी लागतात. गाठीचा पाठपुरावा या मुदतीहून दीर्घ असू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा तपशील आणि ऊतिविकृती अहवाल यांच्या प्रती रुग्णाने स्वतःजवळ कायम ठेवणे हिताचे असते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असल्यास मेणात जतन केलेला ऊतीचा ठोकळा मूळ प्रयोगशाळेकडून मागून घेता येतो. कोणत्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली हे गावातील डॉक्टरांना ठाऊक असणेही तितकेच गरजेचे असते; बायपास झालेल्या रुग्णाची नेहमीची एंडोस्कोपी निर्दोष आली तरी त्याचे वगळलेले जठर तपासलेले नसते.

खर्चाच्या बाबतीत, भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या निकषांनुसार ठरावीक निर्देशांकावरील लठ्ठपणाची, वैद्यकीय सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून सरसकट वगळता येत नाही. कर्करोगावरील शस्त्रक्रिया व औषधोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा प्रति कुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला.

हे सुद्धा पहा

लठ्ठपणा
जठर
जठराचा कर्करोग
एंडोस्कोपी
टाटा स्मारक रुग्णालय
शहापूर तालुका